जावयाची टाच आणि वर्ध्याचा गोरसपाक

ति. बाबा व आईस सा. न.,

गोरसपाकाचा डबा पोचला. प्रवासात झालेला चुराही मुलांनी चमच्याने संपवला. पाठोपाठ बाबांचा काळजीचा फोनही पोचला. वरण शिजतंय, तेवढ्यात लिहिते.

बाबा, कॉलेजात धावणाऱ्या जावयाने इतक्या वर्षांनी, सत्तेचाळिशीत पुन्हा मॅरेथॉनचं मनावर घेतलं, तर हृदय दगा देईल, ही तुमची भीती. आईचं नेहमीचं, "काहून जिवावर उठून राहिले?" तर आधी हृदयाचं बघू. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांचा अभ्यास झाला. त्यांत ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा ती संपल्यावर लगेच बंद पडलं. बहुतेक पुरुष, आणि अनेकांना हृदयाचा आजार आधीपासून होता. म्हणून आधी तपासणी, हे तुमचं म्हणणं सोळा आणे मान्य. पण माझी काळजी वेगळीच आहे. परत येणाऱ्या धावपटूचा खरा शत्रू त्याची टाच. धावणं सोडलं की दम काही आठवड्यांतच घटू लागतो, आणि सरावाने तो परतही लवकर येतो. टाचेमागच्या जाड शिरेला रक्तपुरवठा बेताचा. तिला बळ यायला महिने लागतात. नवख्याला धाप लागते आणि तो थांबतो, धापच त्याला वाचवते. जुन्या खेळाडूला मात्र दम "चल" म्हणतो, आठवण "अजून जोरात" म्हणते, आणि टाचेला कोणी विचारत नाही. म्हणून पहिले काही महिने चालणं जास्त, धावणं कमी.

यावर जावईबापूंचा आक्षेप असा, की मध्ये मध्ये चालायचं असेल तर ती मॅरेथॉन कसली! पण थोडं धावा, थोडं चाला हा मंत्र लोकप्रिय करणारे जेफ गॅलोवे १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले गृहस्थ होते; धावता येत नव्हतं म्हणून काही ते चालायला सांगत नव्हते. आणि सेवाग्रामच्या जावयाने तरी चालण्याला कमी लेखू नये. दांडीला निघाले तेव्हा बापू साठ वर्षांचे होते. २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर, तेही दर सोमवारी मुक्काम ठेवून. विश्रांतीचा वार आधीच ठरलेला, हे आमच्या घरच्या वेळापत्रकात अजून शिरलेलं नाही.

आता इथल्या नियमाची गंमत. बॉस्टनच्या शर्यतीत नुसते पैसे भरून धावता येत नाही. बहुतेकांना आधी दुसऱ्या मॅरेथॉनमध्ये ठरलेली वेळ गाठावी लागते. ४५ ते ४९ वयाच्या पुरुषांना २०२६साठी ३ तास १५ मिनिटं. ती गाठली तरी अर्ज जास्त आले की चाळण बारीक होते, आणि त्या वर्षी आणखी ४ मिनिटं ३४ सेकंदांनी झाली. पंगतीला बोलवायचं आणि पान मांडल्यावर "तुमचं नाव यादीत नाही" म्हणायचं, त्यातला प्रकार! त्याहून मोठा धक्का बुटांचा. आदिदासने २०२३मध्ये एक जोड काढला: एकेक बूट १३८ ग्रॅमचा, किंमत ५०० डॉलर, आणि कंपनीच सांगते की तो साधारण एका शर्यतीपुरता. चाळीस हजारांच्या वर रुपये, एका सकाळीसाठी! तिगिस्त असेफाने तो घालून बर्लिनमध्ये २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांचा महिलांचा तेव्हाचा विश्वविक्रम केला, हे खरं. पण बूट टाचेला महिन्यांची उसनवारी देत नाही, हेही खरं.

मोठ्या काकूंना कपड्यांची चिंता आहे म्हणे. मी धावायला लागले तर काय घालणार? त्यांना सांगा, मुंबईच्या क्रांती साळवी २०१८मध्ये बर्लिनची मॅरेथॉन नऊवारीत धावल्या, ३ तास ५७ मिनिटांत. काकूंनी आता कपाटातली एक माझ्यासाठी काढून ठेवावी.

इथे डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून ट्रेडमिलचा पट्टा. त्यावर धावणारा माणूस तासभर धावून तिथेच असतो, आणि मला उगाच आश्रमापासून वर्ध्याकडे जाणारा रस्ता आठवतो. तिथे निदान पोचायला गाव आहे. असो.

बंडूची सोयरीक नागपूरला जमतेय ना? मुलगा रोज पहाटे धावतो असं त्यांना सांगू नका, बाबा. ती माणसं खात्री करायला पाच वाजता दारात उभी राहतील.

तुमची,
छोटी