किर्लोस्करवाडीची परीक्षा

फुकटचं, इवलंसं आणि चारचौघांना ठाऊक नसलेलं सॉफ्टवेअर सापडलं की आमच्यासारख्या शौकिनांच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते निव्वळ उपयोगाचं नसतं. उपयोग हे निमित्त. खरं सुख "अरे, हे तुला माहीतच नाही?" एवढं विचारण्यात असतं. तरी माझं म्हणणं असं, की हौस पोकळ असली म्हणून तिनं धुंडाळलेली अवजारं पोकळ ठरत नाहीत. मोठ्यांनी अर्धवट टाकलेली कामं हीच चिल्लर अवजारं निस्तरतात. बँकभरतीचा अर्ज फोटो मागतो २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची; मोबाइल फोटो काढतो काही एमबीचा. मधली दरी कोण बुजवणार? इरफान स्किल्जान या एका माणसाचा, १९९६ पासून चालत आलेला इरफानव्ह्यू. जेपीजी साठवताना किती केबीत बसवायची, ते त्याला सांगता येतं.

पण आमचं खरं लाडकं अवजार म्हणजे फाँट कन्व्हर्टर, आणि त्याच्याबद्दल आम्हाला थोडक्यात बोलता येत नाही. कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केलेली ‘सांगली’ संगणकाच्या लेखी एल-के-ए-एक्स-वाय-एच असते आणि ‘सातारा’ एल-के-आर-के-जे-के. नुसतीच आद्याक्षरं, आडनावाचा पत्ता नाही. ती युनिकोडमध्ये आणणं सोपं, कारण दोन्ही गावं सरळमार्गी. कन्व्हर्टरचा कस लागतो तो किर्लोस्करवाडीला. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडला ती नंतर हवी. रफाराचं नेमकं उलट. कच्चा कन्व्हर्टर वेलांटी अधांतरी सोडतो आणि ‘लो’वरचा रफार शेजारच्या ‘स्क’च्या डोक्यावर ठेवतो. ज्या वाडीत नांगराच्या कारखान्याशेजारी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, तिचंच नाव यंत्राला लिहिता येऊ नये! इथं पास झालेल्याला मग कऱ्हाडला पाठवावं. हिंदीवर पोसलेल्या कन्व्हर्टरला ‘ऱ्ह’ अनोळखी. तो बिनदिक्कत ‘कर्हाड’ करून मोकळा होतो.

यावर आक्षेप ठरलेला : दोन मिनिटांच्या कामासाठी दोन तास शोधाशोध, यात वाचलं काय? एकाच माणसाचा हिशेब मांडला तर काहीच नाही. पण अवजार एका टायपिस्टच्या हाती गेलं की तालुक्याच्या निम्म्या अर्जांना पुरतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. अनोळखी संकेतस्थळावर आपला सातबारा आणि आधार चढवणं हा शुद्ध वेडेपणा, म्हणून आपल्याच संगणकावर चालणारं अवजार बरं. तिसरा मात्र ऐकून चीड येते : आता सगळं युनिकोडमध्येच होतं, जुनं गेलं तर जाऊ दे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरी आपल्याकडची छपाई पुढं कित्येक वर्षं जुन्या फाँटांवर चालली, कारण पानं लावायच्या पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं. त्या वर्षांतल्या यात्रांच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, कुणा निवृत्त मास्तरांनी लिहिलेला गावच्या तालमीचा इतिहास, हे सारं डीटीपीवाल्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे. वाईचा मराठी विश्वकोश आज युनिकोडमध्ये इंटरनेटवर वाचता येतो. त्याच्यामागं सरकारी मंडळ आहे. मास्तरांच्या मागं कुणी नाही. त्यांच्या नातवाला फाइल मिळेलही, उघडेलही, पण दिसेल ते एल-के-ए-एक्स. आजोबांचं नाव टाकून शोधलं तर संगणक सांगणार, असा कुणी इथं नाही.

हा मजकूर वाचवणारे कन्व्हर्टर कुणीतरी नोकरी सांभाळून, रात्री बसून लिहितो आणि फुकट वाटतो. त्याचं नाव आम्हाला आठवत नाही. खाली कोपऱ्यात ‘देणगी द्या’ असं बटण असतं, ते आम्ही दाबत नाही. लिंक पुढं पाठवतो, आणि समोरून आलेले "सर, ग्रेट!" मात्र स्वतःच्या खात्यात जमा करून घेतो.