समोर बसला थो कोन व?

"अवं बाई, आयकलं काय? माहा जठारपेठेतला भाचा गोव्याहून वापस आला. बोटीवर नाही जमलं म्हने त्याले."

अमरावतीत आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे आणि अकोल्याच्या साऱ्या बातम्या तिच्यावरूनच येतात. पलीकडच्या वयनींच्या हातात तुरीच्या शेंगांचं टोपलं होतं, म्हणजे अर्धा तास तरी त्या हलणार नव्हत्या. भाचा बोटीवर खलाशी होता असं कोणी समजू नये. पोट्टा इंजिनिअर झाला, पुण्याची नोकरी सोडली आणि घरी बसून ऑनलाइन पोकर खेळून कमवायला लागला.

"मंग लग्नाच्या बायोडाट्यात काय लिवलं होतं?" मी विचारलं.

"आयटी! कॉम्प्युटरवरच तं बसे ना थो."

बसायचा खरा. रात्री नऊला बसला की उजाडेपर्यंत, एका वेळी चार टेबलं उघडून. मे महिन्यात अकोला तापलेलं, कूलर भणभणतोय, वीज गेली तर इन्व्हर्टर तयार. मोठ्या स्पर्धा रविवारी, म्हणून नात्यातल्या एका लग्नात दिसला नाही. महिन्याला किती मिळतात हे त्याच्या आईला सांगता यायचं नाही, कारण त्यालाही ते महिना संपल्यावरच कळायचं. एक महिना भरभरून, पुढचे दोन तोट्यात. पगाराची स्लिप नाही म्हणून बँक कर्ज देईना. पण खेळायचा पैसा वेगळा आणि घरचा वेगळा, हा नियम त्याने कधी मोडला नाही. आमच्या गल्लीतल्या शेअर बाजारवाल्यांनी तेवढं त्याच्याकडून शिकायला हरकत नव्हती.

"अन् सरकारनं सोडलं काय त्याले? जितला का तीस टक्के पयलेच कापून घे."

ते 1 एप्रिल 2023 पासून. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. 100 रुपये भरले की त्यातले जवळपास 22 करात. कंपन्या तेवढा बोनस देऊन गिऱ्हाईक टिकवत होत्या, म्हणून खेळणाऱ्याला ते एकदम जाणवलं नाही.

वयनींनी शेंगा सोलणं थांबवलं. आता खरी गोष्ट येणार हे मी ओळखलं.

"पन त्याले टॅक्सचं भेव नोयतं. भेव होतं समोरच्याचं. थो मने, मावशी, मानूस हरला का चिडते. घाई करते, नाही तं हात आखडते. एकजन असा होता का चिडेच ना. रात्री दहाले जेवढ्या सेकंदात पत्ते टाके, सकायी सहाले बी तेवढ्याच. पानी प्यायले उठे ना."

"बॉट असन. मानसाच्या जागी खेयनारा प्रोग्राम."

"तेच तं! तक्रार केली. कंपनीनं कयवलं, तपासलं, काही आढयलं नाही. खलास."

कंपनीचं नाव वयनींनी घेतलं नाही, मीही विचारलं नाही. पण पोट्ट्याची शंका खुळी नव्हती. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात बनवलेल्या लिब्राटस नावाच्या प्रोग्रामने जानेवारी 2017 मध्ये चार नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, 20 दिवसांत 1,20,000 डाव खेळून. त्याला महासंगणक लागला होता आणि खेळ दोघांपुरता होता. दोनच वर्षांनी प्लुरिबस आला. तो सहा जणांच्या टेबलावर जिंकला, आणि त्याला तयार करायला लागलेल्या संगणकाचं भाडं 150 डॉलरच्याही आत होतं. एवढ्यात आमच्याकडे फार तर एक कूलर येतो.

"अन् बॉट तं बरा म्हने," वयनी भिंतीवर रेलल्या. "परदेशात एका कंपनीत आतल्याच मानसाले साऱ्याइचे पत्ते दिसत!"

हा किस्सा 2007 चा, अ‍ॅब्सोल्यूट पोकर या साईटचा. स्पर्धेत एक खेळाडू इतका अचूक खेळला की दुसऱ्या नंबरवाल्याला संशय आला. त्याने आपल्या डावांची नोंद मागितली. कंपनीने जी फाईल पाठवली तिच्यात सगळ्यांचे झाकलेले पत्ते आणि कोण कुठून टेबल पाहत होता तेही निघालं. खेळाडूंनीच ती फाईल फोडून चोर कंपनीच्या आतच असल्याचं दाखवून दिलं. पुढच्याच वर्षी अल्टिमेटबेट या साईटवर तसंच प्रकरण उघडकीला आलं. दोन्ही ठिकाणी पहिली ओरड गिऱ्हाइकांची, कंपनीची नव्हे.

इथे वयनींचे यजमान बाहेर आले. भाऊ बँकेत कॅशियर होते, रिटायर झाले तरी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. "आपल्याकडे सर्टिफिकेट असे ना पन," ते म्हणाले.

असायचं. पत्ते नीट पिसले जातात, आकडे खरोखर वाटेल तसे पडतात, याचं प्रमाणपत्र प्रयोगशाळा द्यायच्या. पण समोर बसलेला माणूस आहे की यंत्र, आणि बाजूचे दोघं फोनवर एकमेकांना पत्ते सांगतायत का, हे त्या कागदात नसायचं. पॅन कार्ड, लोकेशन, सेल्फी, एका वायफायवरच्या दोघांना एका टेबलावर बसू न देणं, अशी राखण कंपन्या करत. ती किती कसून होते हे बाहेरच्या कोणी बघायचं नाही. पोकर हा डोक्याचा खेळ की नशिबाचा, यावर आपण वर्षानुवर्षं भांडलो. माझ्या मते हा प्रश्नच मुळात आडबाजूचा होता; समोर कोण बसलंय, हा खरा.

"गोंदियाचं आठोते काय?" भाऊ म्हणाले.

विदर्भात कोणाला आठवत नाही? जुलै 2023. नागपूरच्या एका व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली, खात्यात 8 लाख दिसले. आधी तो सुमारे 5 कोटी जिंकला आणि मग 58 कोटी हरला. पोलिसांनी गोंदियाच्या बुकीच्या घरावर धाड घातली तर कोट्यवधींची रोकड, किलोंनी सोनं आणि चांदी निघाली. अ‍ॅपच हवं तसं फिरवलं जात होतं, असा आरोप. तिथे बॉटचीसुद्धा गरज नव्हती.

नोव्हेंबर 2025 मध्ये ईडीने विन्झो या गेमिंग अ‍ॅपच्या दोन्ही संस्थापकांना अटक केली. लोकांना न सांगता सॉफ्टवेअरशी पैसे लावून खेळवलं, हा ईडीचा आरोप. आमचा कारभार पारदर्शक आहे, हे कंपनीचं म्हणणं. भाच्याने ती बातमी मावशीला मुद्दाम पाठवली, खाली काही न लिहिता.

पण तोवर टेबलं उठलेली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. ती जाहिरात होती, मी ती बंद करत होतो, असं ते म्हणाले. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं ते क्रीडा खातं! यावर वयनी अजून हसतात. तीन आठवड्यांत संसदेने पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. राष्ट्रपतींची सही झाली 22 ऑगस्टला, म्हणजे नेमक्या पोळ्याच्या दिवशी. आपल्याकडे पोळ्याला गावोगाव एक्का-बादशाहचे डाव बसतात आणि पोलीस ते उठवतात. त्या वर्षी दिल्लीनेही एक अड्डा उठवला. सप्टेंबरमध्ये कायद्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या.

"मंग गोव्याले काय झालं?"

"मांडवी नदीत बोटीवर कॅसिनो हायेत, तठी गेला. मानूस समोर दिसते, बॉटचं भेव नाही. पन तासाले पंचवीस-तीस डाव होतेत. घरी चार टेबलावर तासाले अडीचशे होत. खोलीचं भाडं, खानं-पेनं, त्यात जितनं पुरे ना. आला वापस. आता बापाच्या दुकानात बसते."

"अन् खेय?"

"लिंका येतेत ना व रोज! पॅन नको, टॅक्स नको, परदेशातली साईट. मी म्हनलं, बाप्पा, जिथं कंपनीचा पत्ता होता तिथं तुही तक्रार कोनी आयकली नाही, हे तं बिनपत्त्याचे. यायले कोठी शोधशीन?"

मावशीचं त्याने ऐकलंय असं दिसतं. तशी लिंक तुमच्या घरातल्या फोनवरही आली असेल. ती उघडू नका, पुढे पाठवू नका. पैसे गेलेच असतील तर गल्लीत कळेल म्हणून लपवत बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर होते, तितकी रक्कम खात्यातच अडवायची शक्यता जास्त असते.