एका तासाचं दही

रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला चुलीजवळ फिरकू द्यायचं नाही, असा नियम आमच्या घराण्यात आहे. तो माझ्यामुळेच झाला.

गोष्ट राणीसावरगावची, ऐन पौषातली. गंगाखेडहून एसटीनं मावशीकडे पोचलो, तर ती काळजीत. दुसऱ्या दिवशी रेणुकादेवीच्या दर्शनाला येणारे पाहुणे दुपारी घरी जेवणार होते, कढीचा बेत होता आणि थंडीमुळे दोन दिवस दही लागत नव्हतं.

"किती वेळ लागेल ते मी काढून देतो," मी म्हणालो आणि कॅलेंडरचं मागचं पान फाडलं.

रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल (१९०१) मिळवणारे व्हांट हॉफ माझ्या बाजूनं होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की विक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ४० अंशांना चार तास लागणारं दही ५० ला दोन तासांत आणि ६० ला एका तासात! मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर पिशवीतून काढला, दूध बरोबर ६० अंशांना आणलं, घरातलं होतं नव्हतं तेवढं विरजण त्यात घातलं आणि पातेलं निखाऱ्याजवळ ठेवून घड्याळ लावलं.

एक तास झाला. दूध. दोन तास झाले. दूधच.

मावशीनं पातेल्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "हे काय करायलास रे? जीव गेला की विरजणाचा!"

खरंच गेला होता. दही लावतात ते जिवाणू. ते दुधातल्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल पुरेसं झालं की दूध घट्ट होतं. चाळिशीच्या आसपास ते खूश असतात, साठीला मरतात. व्हांट हॉफचा नियम रेणूंना लागू होता, मेलेल्यांना नाही.

मग वाटी घेऊन गल्लीत निघालो. पहिल्या घरी उत्तर मिळालं, "दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत आमच्यात." दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरच्या आजींनी विचारलं, "तुम्ही काय शिकवता, मास्तर?" मी रिकाम्या वाटीकडे बघत म्हणालो, "मराठी."

परत आलो तर मावशीनं दूध निववून, करंगळी बुडवून बघून, त्यात लाल मिरच्यांचे देठ टाकले होते आणि पातेलं घोंगडीत गुंडाळलं होतं.

"कधी लागेल?" मी विचारलं.

"लागंल तेव्हा लागंल."

पाहुण्यांनी दुपारी वरणावर भागवलं. दही चारला लागलं. कढी रात्री आम्हीच प्यायलो, आणि ती झकास झाली होती.

तेव्हा वाचकहो, विरजण लावताना दुधात करंगळी धरा. तिला सोसलं तर विरजणालाही सोसतं. आणि किती वेळ लागेल, ते मला विचारू नका.