पेन्शन, पवई आणि पोखरा

निवृत्त माणसाला दोन छंद हमखास जडतात. एक रक्तदाब मोजण्याचा आणि दुसरा, ‘या मुंबईत आता काही राम राहिला नाही, कुठेतरी शांत जागी जाऊन राहावं’ असं म्हणण्याचा. पहिल्याला यंत्र लागतं, दुसऱ्याला नुसते श्रोते. मुलुंडात श्रोत्यांना तोटा नाही. सकाळच्या फेऱ्या आटोपल्या की आमच्या कट्ट्यावर कुणी बदलापूरला बंगला बांधतो, कुणी गुहागरला हापूसची कलमं लावतो आणि चहाची वेळ झाली की सगळे आपापल्या वन बीएचकेत परततात.

यंदा एका काकांनी थेट मेक्सिको काढलं. तिथे ग्वादालाहारा शहराजवळ चापाला नावाचं तळं आहे, त्या देशातलं सगळ्यात मोठं. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर असल्यामुळे हवा बारमाही सुखाची. काठावरच्या अहिहिक या गावात अमेरिका-कॅनडातले पेन्शनर वर्षानुवर्षं येऊन राहतात. 1955 साली त्यांनी लेक चापाला सोसायटी काढली, तिची ग्रंथालयं आहेत, वर्ग आहेत. थोडक्यात, आपला ज्येष्ठ नागरिक संघच, पण तळ्याकाठी.

“आणि हे सगळं साध्या पेन्शनीत!” काका म्हणाले.

यामागचं गणित सोपं आहे. आयुष्यभर महागड्या देशात कमवायचं आणि म्हातारपणी स्वस्त देशात खर्चायचं. पेन्शन तेवढीच राहते, पण घरकामाला बाई, बागेला माळी आणि आठवड्यातून दोनदा बाहेर जेवण हे सगळं तिच्यात बसू लागतं. आपली पंचाईत अशी की आपण परदेशी जातो ते उलट्या दिशेनं. मुलगा न्यू जर्सीला, म्हणून आपण न्यू जर्सीला. तिथे कॉफीचा कप हातात आला की तिची किंमत रुपयांत काढेपर्यंत ती निवून जाते. मग उरलेले महिने नातवंडं सांभाळायची, थर्मोस्टॅटला हात लावायचा नाही आणि मुलुंडच्या भाजीवाल्याची आठवण काढायची. त्याला निवृत्ती म्हणत नाहीत, बदली म्हणतात.

तरीही काकांच्या गणितात बसणारा एक परदेश आपल्याला आहे. नेपाळ. पोखऱ्याला फेवा नावाचं तळं आहे, मध्यावर बेटावर ताल बाराहीचं देऊळ, आणि आकाश मोकळं असेल तर पाण्यात 6,993 मीटर उंचीच्या माछापुच्छ्रेचं प्रतिबिंब. काठावरच्या वस्तीचं नावच लेकसाइड. भारतीयाला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रावर जाता येतं. 1950 च्या भारत-नेपाळ करारानं एकमेकांच्या देशात राहण्याची मुभा आहे. जमीन काही नावावर होत नाही, पण या वयात सातबारा हवाय कुणाला? पाट्या देवनागरीत, म्हणजे चष्मा असला की देश वाचता येतो. घड्याळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे. कुर्ल्याहून गोरखपूरला कुशीनगर एक्स्प्रेस, तिथून सोनौलीची हद्द, मग डोंगरातला रस्ता. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यामुळे तिकीट पूर्ण. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, पण ती पोखऱ्याला जात नाही.

आणि पैसा! 1993 पासून शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर ठरलेला आहे. चाळीस हजारांची पेन्शन हद्द ओलांडताच चौसष्ट हजार. साठ टक्के वाढ, तीही मोर्चा न काढता. मी घरी येऊन मोठ्या उत्साहानं हे सांगितलं.

“अहो, पण तिथला भाजीवाला भाव कुठल्या रुपयांत सांगणार?” ही म्हणाली.

नेपाळी रुपयांत. अर्थशास्त्रातला एवढा मोठा मुद्दा हिनं कोथिंबीर निवडताना निकालात काढला. रुपया बदलून पेन्शन वाढत नाही, ती वाढते भाडं आणि कामाची मजुरी खरोखर कमी असेल तर. पोखऱ्यात काही गोष्टी मुंबईहून स्वस्त पडतीलही, पण सीमेपलीकडून डोंगर चढून आलेलं सामान स्वस्त कसं पडावं?

खरी मेख औषधांत आहे. अमेरिकन पेन्शनरालासुद्धा त्याचं सरकारी मेडिकेअर मेक्सिकोत साधारणपणे उपयोगी पडत नाही. दुखणं मोठं झालं की तो सीमा ओलांडून घरी परततो. आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसीही देशाच्या हद्दीपाशी थांबतात. शिवाय नोव्हेंबर आला की पेन्शनरानं आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. हल्ली तो घरबसल्या मोबाइलवर देता येतो. पण मुलुंडमध्ये बोटाचा ठसा उमटला नाही तर बँकेतला माणूस निदान समोर बसलेल्या माणसाकडे पाहून खात्री करतो. परदेशात तेवढ्यासाठी वकिलात गाठायची वेळ येऊ शकते. हिमालयाच्या कुशीत राहून आपण हयात असल्याचं राजदूताला पटवायचं, हा प्रकार अध्यात्माच्या फार जवळ जातो.

मुळात तळं आपल्याकडे नाही असं थोडंच आहे? मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात, विहार आणि तुळशी आहेत. एक 1860 चं, दुसरं 1879 चं. पवई 1891 चं. त्याचं पाणी पिण्याच्या कामाचं राहिलं नाही, मगरींना मात्र ते मानवलं. विहार-तुळशीच्या काठावर सहज फिरायला सोडत नाहीत, म्हणून ती आपल्या लक्षात नसतात. पवईच्या काठावर घर मिळतं, पण त्याची किंमत ऐकली की मेक्सिकोच जवळचं वाटतं. तळं पाहायचंच तर चेकनाक्यापलीकडे ठाण्याची तलावपाळी आहे. तिथे नौकाविहारही आहे आणि हिमालय नसला तरी भेळ आहे.

दुसरं असं की स्वस्त गावी जाऊन वस्ती करण्याचा प्रयोग आपण एकदा केलेलाच आहे. गिरगाव, लालबाग, दादरच्या चाळींतून माणसं मुलुंड-बोरिवलीला आली ती काही हवेसाठी नाही. इथे ब्लॉक परवडत होता. तेव्हा शहरातले नातेवाईक ‘एवढ्या लांब?’ असं अहिहिकबद्दल विचारावं तसं विचारत. पाण्याची बोंब होती, रात्री रिक्षा मिळत नसे. मग त्याच माणसांनी वाचनालयं काढली, गणपती बसवले, भजनी मंडळं जमवली. अंधेरीच्या लोखंडवालातल्या बागेत 13 मार्च 1995 ला डॉ. मदन कटारिया आणि चार जण हसायला जमले आणि तो हास्यक्लब पुढे जगभर गेला. परक्या गावाला आपलं करायला किती वर्षं जातात, हे उपनगरवाल्याला अहिहिकच्या पेन्शनराइतकंच ठाऊक आहे. फरक एवढाच की ती वर्षं आपल्याकडे तिशीत होती. सत्तरीत नवा डॉक्टर, नवा किराणावाला आणि नवा कट्टा शोधायचा म्हणजे पुन्हा पहिलीत बसायचं.

म्हणून कुणी जाऊच नये का? जरूर जावं, आणि आपल्याला त्यासाठी एक संधी आयती मिळते. ती म्हणजे पुनर्विकास. इमारत पाडायला घेतली की बिल्डर दोन-तीन वर्षं दरमहा भाडं देतो. ते भाडं शेजारच्या गल्लीतल्या तसल्याच वन बीएचकेवर घालवायचं, की पेन्शनीला जोडून एखादं तळं पाहायचं? पोखरा जमत नसेल तर कोल्हापूरचा रंकाळा आहे, मालवणजवळचं धामापूर आहे. तिथे मेडिक्लेम चालतो आणि एसटीही जाते. मात्र एक पावसाळा आणि एक आजारपण तिथे काढल्याशिवाय गाव आपल्याला मानवलं असं म्हणू नये. सुट्टीत सगळीच तळी सुंदर असतात.

काका अजून मेक्सिकोवर ठाम आहेत. काकूंनी होकारही दिला आहे, फक्त तिथे कट्ट्यावरची सगळी मंडळी आली पाहिजेत, एवढीच त्यांची अट आहे. तुमचाही असा काही बेत शिजत असेल तर घर भाड्याचं घ्या, परतीचं तिकीट काढून ठेवा आणि काहीही झालं तरी मुलुंडचा ब्लॉक विकू नका.