लाल कांगारूबाईंना अनावृत पत्र

श्रीमती लाल कांगारूबाई,
मु. पो. स्टर्ट नॅशनल पार्क, न्यू साउथ वेल्स, यांसी,

स.न.वि.वि.

मी मेंढ्यांचा कैवारी. मेंढ्या ऑस्ट्रेलियात 1788 साली जहाजातून उतरल्या. त्याआधीपासून आपण तिथे राहता, एवढ्यावर गवतावर हक्क सांगू नये. सातबारा असेल तर दाखवा.

आपला संसारही आमच्या डोळ्यांवर येतो. तेहतीस दिवसांत बाळंतपण! पिल्लाचं वजन एक ग्रॅमसुद्धा नाही. ते आंधळं, उघडंनागडं पोर आईची लव धरत धरत स्वतःच पिशवीपर्यंत चढतं, आणि आपण हात लावून मदतही करत नाही. (बाळंतिणीला हे शोभतं?) एक-दोन दिवसांत पुन्हा गाभण. पण तो नवा गर्भ शंभरेक पेशींवर थोपवून ठेवायचा, आणि पिशवी रिकामी व्हायची वेळ आली की पुढे चालू करायचा. म्हणजे एक पिल्लू बाहेर उड्या मारतंय, एक पिशवीत, एक वेटिंगवर. वर शेजारशेजारच्या सडांतून धाकट्याला पातळ दूध आणि थोरल्याला दाट, एकाच वेळी! दुष्काळ लांबला की सगळा कारभार बंद. इतकं नियोजन कोणत्याही सरकारी खात्याला जमलेलं नाही, म्हणूनच ते खुपतं.

उन्हाळ्यात तर सावलीत पडून हात चाटायचे. थुंकी वाळते, कातडीखालचं रक्त गार होतं. वीजबिल शून्य.

आता मुख्य आरोप. मेंढ्यांसाठी पशुपालकांनी बोअर मारले, पाणी आपण प्यायलात. मेंढ्यांना डिंगो कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून सुमारे 5,600 किलोमीटरचं कुंपण घातलं. डिंगो बाहेर राहिले आणि आत आपली संख्या वाढली. पाणी आमचं, कुंपण आमचं, तर दोष आमचा कसा असेल? म्हणून राज्य सरकारं दरवर्षी कोटा ठरवतात, आपलं मांस सुपरमार्केटात जातं, कातडं अनेक वर्षं फुटबॉलच्या बुटांत गेलं. आपला अपमान करायचा हेतू नाही हो. 1908 पासून देशाच्या राजचिन्हावर एमूसोबत आपल्याच जातीला उभं केलं आहे. देश पुढेच जाणार, म्हणून मागे सहज न जाणारे दोन प्राणी निवडले, असं सांगतात. राजचिन्हावरही आपण, ताटातही आपण. आणखी किती मान हवा?

पुढच्या दुष्काळाआधी लेखी खुलासा करावा. एकदा दिलेला खुलासा मागे घेता येणार नाही, पण मागे जाण्याचा आपला प्रश्न येतच नाही.

आपला,
मेंढ्यांचा कैवारी
(मेंढ्यांनी नेमलेला नाही)