दहापैकी सहा

नानांनी यू-टूला दहापैकी सहा गुण दिले. नाना माझे थोरले काका. नशिराबादच्या लग्नांत त्यांनी उभी हयात क्लॅरिनेट फुंकलं, तेव्हा गुण द्यायचा अधिकार घरात त्यांचाच.

१५ डिसेंबर २०१९, रविवार. आयर्लंडचा हा बँड पहिल्यांदाच भारतात येणार होता, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तिकिटं भाच्याने काढली होती. "जुना बँड आहे नाना, १९७६ पासून तेच चौघं," एवढं ऐकून नाना तयार झाले. आमच्याकडे चार वाजंत्री सलग चार लग्नसराया न भांडता टिकले, तर गावाला सत्कार ठेवावा लागेल.

आत खायचं नेऊ देत नाहीत, म्हणून बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी बाहेर फुटपाथवरच उरकली. शेजारी काळ्या टी-शर्टातले एक साठीचे गृहस्थ गुडघ्याला पट्टा बांधत होते. त्यांनाही वाढलं. रॉकवाला माणूस आवाजाला भीत नाही, खान्देशी मिरचीला भितो, हे तिथे कळलं.

अंधार झाला आणि सगळ्यांच्या आधी ड्रमवाला लॅरी मलन एकटाच आला. बसला, आणि करकरीत पलटणी ठेका सुरू. नाना ताठ झाले. "हा बँडातला हे भो. रस्त्यानं चालत वाजवेल हात हे हा." मी मान डोलावली. गर्दीत वडीलधाऱ्यांशी वाद कशाला?

पुढे १९८७ चा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम ओळीने, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. इथे गुण कापले गेले. सगळं आधीच ठरलेलं, तर फर्माईश करायची कधी? एवढ्या माणसांत कोणी नोट ओवाळली नाही, कोणी दातात रुमाल धरून आडवा झाला नाही, नागीन तर निघालीच नाही. मागे दोनशे फूट रुंद पडदा पेटलेला, आणि लोक तोच पडदा मोबाइलवर बघत उभे. "हे नाचून काऊन नाही राह्यले? पैसे भरेल हेत ना?" नानांचा प्रश्न रास्त होता. आमच्या मिरवणुकीत पारापासून मांडवापर्यंत यायला घोडीला दोन तास लागतात, मुहूर्त टळतो, तरी भटजींकडे कोणी बघत नाही. इथे एकोणसाठ वर्षांचा गायक बोनो एकटाच पळत होता. ए. आर. रहमान येऊन 'अहिंसा' गायले, तेव्हा कुठे नानांनी अर्धा गुण परत केला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम याही बँडला लागू आहे, हे कळल्यावर मात्र त्यांना मनापासून बरं वाटलं.

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर मलनची कुंडली काढली. गडी पोरवयात खरोखरच डब्लिनच्या आर्टेन बॉइज बँडमध्ये होता. गणवेश घालून, रस्त्याने चालत वाजवणारा बँड. तिथे केस कापायला सांगितले, याने बँडच सोडला. पुढे शाळेच्या फलकावर 'वाजवणारे पाहिजेत' अशी चिठ्ठी लावली, आणि त्या चिठ्ठीतून यू-टू झाला.

हे वाचून दाखवलं तसे नाना गप्प झाले. त्यांच्या बँडातही एक ताशेवाला पोरगा होता. हात विजेसारखा, केस खांद्यापर्यंत. डोक्यावर टोपी बसत नाही म्हणून नानांनीच त्याला काढला होता.

चाळीसगाव गेलं, पाचोरा गेलं. नानांनी हळूच मला ढोसलं.

"त्या पोऱ्याचा नंबर असंन का रे कोनापाशी?"