माफी आणि उचल

बीड, माजलगाव, धारूर आणि परळी या चार दिशांचे रस्ते जेथे एकमेकांस मिळतात, त्या तेलगावच्या चौकात चहाच्या टपरीपुढील बाकावर जी विधानसभा रोज सकाळी भरते, तिच्यापुढे परवा उच्चशिक्षणाचा प्रश्न आला. आणि सत्तापक्षाच्या एका निष्ठावंताने ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाचा असा काही जयघोष केला की, 'निवडणुकीचे गाजर' हा विरोधकांचा ठेवणीतला आक्षेपही घटकाभर कोमेजून गेला.

निर्णय उदार आहे, यात वाद नाही. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क पूर्वी निम्मे माफ होते, ते आता परीक्षाशुल्कासह सगळेच माफ झाले. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांच्या कारकिर्दीत विनाअनुदानित महाविद्यालयांचे दार उघडले, त्या दारावर ज्यांनी नाके बसविले त्यांची वसुली आता सरकारी खजिन्यातून व्हावी, ही तर मुत्सद्देगिरीची परमावधी होय. मुलगी शिकते, संस्थाचालक तरतो आणि चौकातल्या फलकावर मंत्रिमहोदय हात जोडून उभे राहतात.

एका क्षुल्लक बाबीकडे मात्र उभय पक्षांचे दुर्लक्ष झाले. शुल्क माफ झाले. जेवण माफ झालेले नाही. खानावळ, खोलीभाडे, अनामत आणि 'विकासनिधी' नामक ते गूढ प्रकरण जागच्या जागी आहे. त्यासाठी निर्वाहभत्त्याची तरतूद आहे, नाही असे नाही; परंतु तो पदरात पडण्यापूर्वी उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातपडताळणी आणि आधारजोडणी ही सारी दैवते प्रसन्न करावी लागतात, आणि अखेरीस 'महाडीबीटी' या सरकारी संकेतस्थळावर जो ओटीपी मागितला जातो, तो ज्या मोबाइलवर यावयाचा तो बापाच्या खिशात, कोल्हापूर नाहीतर बेळगावकडच्या उसाच्या फडात, चार्जिंग संपून निपचित पडलेला असतो. मग मुदत टळते, मग मुदतवाढ मिळते, आणि भत्ता मंजूर होतो तोवर खानावळवाल्याने ताट बंद केलेले असते. (उसासाठी एवढ्या दूर जायचे कशाला, असे कोणी विचारील; साखर कारखाना तर तेलगावातही आहे. पण आगाऊ उचल जिकडची, मजूर तिकडचा.)

सरकार खर्च होऊन गेल्यावर देते; ऊसतोडीचा मुकादम खर्चाआधी देतो. दसऱ्यापूर्वी दारात येऊन, रोख मोजून. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, उच्चशिक्षणाचे खाते बिनशर्त मुकादमांच्या हवाली करावे. त्यांस ना दाखला लागतो, ना पडताळणी, ना ओटीपी. ओसरीवर बसून ते एवढीच पृच्छा करतात की, पोरगी बारावी झाली म्हणता, तर तिला यंदा अर्धा कोयता (जोडपे म्हणजे एक कोयता) धरायचे काय. आणि त्या अर्ध्या कोयत्याची उचल त्याच बैठकीत चुकती करतात.